विंडोज सोडून लिनक्सकडे जाताना : कार्यालयाच्या व्हीपीएनचे काय?

कोल्हापूर, प्रतिनिधी - नोकरी पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या कंपनीत आणि घर कोल्हापुरात, ही स्थिती आता शहरातील अनेक कुटुंबांच्या परिचयाची झाली आहे. पूर्वी अशा नोकरदारांचा आठवडा शुक्रवारी रात्रीच्या कोल्हापूर गाडीवर आणि रविवारी रात्रीच्या परतीच्या प्रवासावर बेतलेला असे. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि सुमारे २३० किलोमीटरचे हे अंतर एकाएकी निरर्थक ठरले. राजारामपुरीतील किंवा कळंब्यातील घरात बसून हिंजवडीच्या कार्यालयातील सर्व्हरवर काम सुरू झाले. टाळेबंदी उठल्यावर काही कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना परत बोलावले, काहींनी आठवड्यातून ठराविक दिवस घरून काम करण्याची मुभा कायम ठेवली.

ही सारी सोय ज्या अदृश्य धाग्यावर उभी आहे, त्याचे नाव व्हीपीएन, अर्थात व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क. हा धागा तुटला की घरातील संगणक कार्यालयाच्या दृष्टीने परका ठरतो. आणि नेमका हाच धागा तुटेल की काय, अशी धास्ती सध्या जुना संगणक बाळगणाऱ्यांच्या मनात आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचा नियमित आधार थांबविला. विंडोज ११ बसविण्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर लागतो. परिणामी, उत्तम चालणारे असंख्य लॅपटॉप केवळ या अटींमुळे बाद ठरले. घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा सुधारणांची सवलत मिळाली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ या मुदतीपुरतीच. अशा वेळी खर्च न करता संगणक सुरक्षित ठेवण्याचा मार्ग म्हणून लिनक्सचे नाव पुढे येते. मात्र लिनक्स बसविल्यावर कार्यालयाचे व्हीपीएन चालेल काय, या प्रश्नाचे उत्तर आधी मिळवलेले बरे. या लेखात त्याचाच विचार केला आहे.

व्हीपीएन म्हणजे काय?

तालुक्याचा वार्ताहर एकेकाळी बातम्यांचे पाकीट एसटीच्या वाहकाकडे देत असे आणि ते जिल्ह्याच्या कार्यालयात उतरवून घेतले जाई. गाडी सार्वजनिक, रस्ता सार्वजनिक, परंतु पाकीट बंद. गाडीतील प्रवाशांना पाकीट दिसे, आतील मजकूर दिसत नसे. व्हीपीएनचे तत्त्व हेच आहे. इंटरनेट ही सार्वजनिक गाडी, आपल्या संगणकातून निघणारी माहिती हा मजकूर आणि कूटबद्धीकरण म्हणजे त्यावरील मोहोर. पाकीट उघडण्याची किल्ली केवळ दोन टोकांकडे असते. एक टोक आपल्या संगणकातील आज्ञावली, तर दुसरे टोक कार्यालयातील उपकरण, ज्याला गेटवे म्हणतात.

जोडणी झाली की आपल्या संगणकाला कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यातील एक पत्ता मिळतो. त्यामुळे बाहेरच्या जगाला न दिसणारे सर्व्हर, सामायिक फोल्डर, हजेरीची प्रणाली किंवा लेखाविभागाचा संगणक घरबसल्या उघडता येतो. कार्यालयाची माहिती तेवढी बोगद्यातून आणि उर्वरित इंटरनेट थेट, अशी विभागणी काही कंपन्या करतात. काही कंपन्या मात्र संगणकातून बाहेर पडणारी प्रत्येक गोष्ट कार्यालयातूनच जाऊ देतात. आपल्या कंपनीत यांपैकी कोणती पद्धत आहे, हे ठाऊक असावे; कारण दुसऱ्या पद्धतीत घरगुती ब्राउझिंगदेखील कंपनीच्या नोंदीत जाऊ शकते.

जाहिरातींतून दिसणारे, मासिक वर्गणीवर मिळणारे व्हीपीएन निराळे. ते आपला पत्ता लपविण्यासाठी असते, कार्यालयाशी जोडण्यासाठी नव्हे. 'लिनक्सवर कार्यालयाचे व्हीपीएन चालत नाही म्हणून एखादे मोफत व्हीपीएन घेतले', असे काहींकडून घडते. त्याचा उपयोग तर होत नाहीच, उलट कार्यालयाची माहिती अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवरून जाण्याचा धोका निर्माण होतो.

थोडा इतिहास

लिनक्सवर व्हीपीएन चालण्यात अडचण येते ती तांत्रिक दुबळेपणामुळे नव्हे, हे इतिहास पाहिला की ध्यानात येते. व्हीपीएनची पहिली लोकप्रिय पद्धत पीपीटीपी ही मायक्रोसॉफ्ट व अन्य कंपन्यांनी १९९६ च्या सुमारास पुढे आणली आणि ती विंडोजसोबत घरोघरी पोहोचली. तिच्या ओळख-पडताळणीतील दोष २०१२ मध्ये संशोधकांनी उघडपणे दाखवून दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने पीपीटीपी व एल२टीपी या दोन्ही पद्धती आपल्या सर्व्हर प्रणालीतून भविष्यात वगळण्याची घोषणा केली.

दरम्यान, २००१ मध्ये जेम्स योनान यांनी ओपनव्हीपीएन ही मुक्तस्रोत आज्ञावली प्रसिद्ध केली. मध्य आशियात प्रवास करीत असताना तेथील अविश्वसनीय इंटरनेट सेवांमधून कार्यालयाशी जोडून राहण्याची गरज त्यामागे होती. म्हणजे घरून काम करणाऱ्याची आजची अडचणच या आज्ञावलीच्या मुळाशी आहे. पुढे जेसन डोनेनफेल्ड यांनी वायरगार्ड ही अवघ्या सुमारे चार हजार ओळींची, सुटसुटीत पद्धत विकसित केली. २९ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत ती थेट गाभ्यातच समाविष्ट झाली. भारतातील टाळेबंदीला तेव्हा जेमतेम चार दिवस झाले होते.

याचा अर्थ असा, की आजची महत्त्वाची व्हीपीएन तंत्रे लिनक्सच्या अंगणातच वाढली आहेत. अडचण येते ती कंपन्यांनी विकत घेतलेल्या बंदिस्त उत्पादनांमुळे आणि त्याहून अधिक त्यांच्या धोरणांमुळे.

आपले व्हीपीएन कोणते?

लिनक्सकडे वळण्यापूर्वी पहिले काम म्हणजे विंडोजमधील व्हीपीएन आज्ञावलीचे नाव आणि गेटवेचा पत्ता टिपून ठेवणे. नावावरून पुढील मार्ग बराचसा ठरतो.

ओपनव्हीपीएन : कार्यालयाने दिलेली जोडणीची फाइल उबंटू, मिंट किंवा फेडोराच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयात केली की बहुधा काम भागते. लहान व मध्यम कारखान्यांत सोफॉसची उपकरणे आढळतात. अहमदाबादची सायबरोम ही कंपनी २०१४ मध्ये सोफॉसने घेतली, त्यामुळे तिचे जुने ग्राहकही याच वाटेने आले. सोफॉसची स्वतःची 'कनेक्ट' ही आज्ञावली लिनक्ससाठी नाही. परंतु वापरकर्त्याच्या पोर्टलवरून ओपनव्हीपीएनची फाइल उतरवून घेता येते आणि ती लिनक्सवर चालते.

वायरगार्ड : वेगळा चालक बसविण्याची गरज नाही. कार्यालयाकडून किल्ली व सेटिंगची फाइल मिळाली की पुरे.

सिस्को : पूर्वी एनीकनेक्ट आणि आता सिक्युअर क्लायंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञावलीची लिनक्स आवृत्ती आहे. ती कार्यालयामार्फतच मिळते. तिला पर्याय म्हणून ओपनकनेक्ट ही मुक्तस्रोत आज्ञावली उपलब्ध असून, ती सिस्कोबरोबरच पालो अल्टोचे ग्लोबलप्रोटेक्ट, पल्स सिक्युअर, एफ५ आदी पद्धतींशीही जुळवून घेते.

ग्लोबलप्रोटेक्ट : अधिकृत लिनक्स आवृत्ती आहे, मात्र ती वापरण्यासाठी कंपनीकडे गेटवेचा स्वतंत्र परवाना असावा लागतो.

फोर्टिनेट : फोर्टिक्लायंटची लिनक्स आवृत्ती आहे. ओपनफोर्टिव्हीपीएन हा मुक्तस्रोत पर्यायही वापरला जातो. येथे एक सावधगिरी हवी. २०२५ मध्ये आलेल्या फोर्टिओएस ७.६.३ पासून कंपनीने एसएसएल व्हीपीएनची बोगदा पद्धत काढून टाकली व आयपीसेककडे जाण्यास सांगितले. कार्यालयाने उपकरण अद्ययावत केले, की काल चालणारी ओपनफोर्टिव्हीपीएनची जोडणी आज बंद पडलेली दिसेल. दोष लिनक्सचा नसतो. अशा वेळी स्ट्राँगस्वानसारखी आयपीसेक आज्ञावली वापरावी लागते.

सोनिकवॉल आणि चेक पॉइंट : सोनिकवॉलच्या नेटएक्स्टेंडरची लिनक्स आवृत्ती मिळते. चेक पॉइंटकडून लिनक्ससाठी 'एसएनएक्स' ही मर्यादित स्वरूपाची सोय आहे; विंडोजमधील सर्व सुविधा तीत नाहीत.

विंडोजची अंगभूत व्हीपीएन : विंडोजच्या सेटिंगमधूनच जोडणी होत असेल, तर तिचा प्रकार पाहावा. एल२टीपी, आयकेईव्ही२ व एसएसटीपी या तिन्हींसाठी लिनक्सवर पूरक आज्ञावल्या आहेत. 'ऑलवेज ऑन' ही मायक्रोसॉफ्टची व्यवस्था मात्र विंडोजसाठीच आखलेली आहे. आणि आपले कार्यालय अद्याप पीपीटीपी वापरत असेल, तर लिनक्सपेक्षा त्या व्हीपीएनचीच चिंता आधी करावी.

खरा अडसर : संगणकाची तपासणी

पुष्कळदा असे होते, की आज्ञावली बसते, परवलीचा शब्द स्वीकारला जातो, मोबाइलवर आलेला ओटीपीही मान्य होतो आणि तरीही जोडणी नाकारली जाते. याचे कारण संगणकाची तपासणी. अनेक कंपन्यांचा गेटवे जोडणीपूर्वी संगणकाची झडती घेतो. अँटिव्हायरस सुरू आहे काय, डिस्क कूटबद्ध आहे काय, ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत आहे काय, संगणक कंपनीच्या यादीत नोंदलेला आहे काय, हे तो पाहतो. या यादीत केवळ विंडोज आणि मॅक असतील, तर लिनक्सला प्रवेश मिळत नाही.

या तपासणीला चकविण्याच्या युक्त्या इंटरनेटवर सहज सापडतात. खोटा अहवाल पाठवून 'अँटिव्हायरस सुरू आहे' असे गेटवेला भासवता येते. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. परंतु नोकरीच्या दृष्टीने ते अत्यंत धोक्याचे आहे. कंपनीच्या सुरक्षा धोरणाचा तो सरळ भंग ठरतो आणि गेटवेच्या नोंदीत तो उघडकीस येऊ शकतो. घरी बसून काम करण्याची मुभा विश्वासावर चालते. ती एका चलाखीपायी गमावणे परवडणारे नाही.

कंपन्या एवढ्या काटेकोर का असतात, याचे उत्तर अमेरिकेतील एका घटनेत सापडते. मे २०२१ मध्ये कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनी कंपनीत खंडणीखोर घुसले, ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नव्हती आणि त्याचा परवलीचा शब्द फुटलेला होता. कंपनीला इंधनवाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली आणि ७५ बिटकॉइनची खंडणी द्यावी लागली. एक दुर्लक्षित दार पुरेसे ठरले.

कार्यालयाला कोणते प्रश्न विचारावेत?

म्हणूनच लिनक्सची पेन ड्राइव्ह तयार करण्यापूर्वी कार्यालयाच्या आयटी विभागाला ई-मेल लिहावा. तोंडी होकारावर विसंबू नये. लेखी उत्तर असलेले बरे. पुढील प्रश्न उपयोगी पडतील.

१. लिनक्सवरून व्हीपीएन जोडण्यास कंपनीची परवानगी आहे काय?
२. अधिकृत लिनक्स आज्ञावली मिळेल काय? नसल्यास ओपनकनेक्टसारखी मुक्तस्रोत आज्ञावली चालेल काय?
३. कोणते वितरण व कोणती आवृत्ती मान्य आहे?
४. संगणकाच्या तपासणीत काय पाहिले जाते? डिस्कचे कूटबद्धीकरण सक्तीचे आहे काय?
५. प्रवेशासाठी प्रमाणपत्र लागते काय आणि ते नव्या प्रणालीत हलविता येईल काय?
६. अडचण आल्यास मदतकक्ष साहाय्य करील काय?

तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे. घरगुती वापरासाठी मिंट कितीही आवडत असले, तरी कंपन्यांच्या आज्ञावल्या मुख्यतः उबंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्या आणि रेड हॅट यांच्यासाठीच तपासलेल्या असतात. मायक्रोसॉफ्टच्या इंट्यून या संगणक-व्यवस्थापन सेवेत लिनक्सचा समावेश २०२२ मध्ये झाला, तोही उबंटूपासून. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या उबंटू २४.०४ या दीर्घकालीन आवृत्तीला पाच वर्षांचा नियमित आधार आहे. कार्यालयीन कामासाठी आवड बाजूला ठेवून हाच मार्ग धरणे शहाणपणाचे.

लॅपटॉप कंपनीच्या मालकीचा असेल, तर प्रश्नच मिटतो. त्याला हात लावू नये. त्यावर काय बसवायचे, हा निर्णय सर्वस्वी कंपनीचा. या लेखातील उर्वरित सूचना स्वतःच्या संगणकापुरत्याच समजाव्यात.

बदल कसा करावा?

परवानगी मिळाल्यावर घाई न करता टप्प्याटप्प्याने जावे. पहिला टप्पा बॅकअपचा. दस्तऐवज, छायाचित्रे, ब्राउझरमधील परवलीचे शब्द यांची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी. विंडोजमध्ये बिटलॉकर सुरू असेल, तर त्याची पुनःप्राप्ती किल्ली कागदावर लिहून ठेवावी. डिस्कची विभागणी बदलताच ही किल्ली मागितली जाऊ शकते आणि ती नसल्यास सारी माहिती कुलूपबंद होते.

दुसरा टप्पा चाचणीचा. लिनक्सचा मोठा गुण हा, की पेन ड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कवर काहीही न बसविता ते वापरून पाहता येते. या चाचणीतच वाय-फाय, वेबकॅम, माइक आणि मुख्य म्हणजे व्हीपीएनची जोडणी तपासावी. येथे जोडणी झाली, तर पुढील धोका बराच कमी होतो; येथेच नाकारली गेली, तर विंडोज जागच्या जागी शाबूत असते.

तिसरा टप्पा प्रत्यक्ष स्थापनेचा. कार्यालयाची अट असो वा नसो, स्थापनेच्या वेळीच डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्याय निवडावा. नंतर हे करणे जिकिरीचे ठरते. लॅपटॉप प्रवासात हरवला तरी माहिती सुरक्षित राहावी, हा त्यामागील हेतू. त्यानंतर प्रणाली अद्ययावत करून व्हीपीएनची पूरक आज्ञावली वितरणाच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावी. कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल चालवू नये.

चौथा टप्पा संक्रमणाचा. निदान एक महिना विंडोज व लिनक्स दोन्ही ठेवावेत. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ नंतर वाढीव सुरक्षा सुधारणा न घेतलेले विंडोज १० कार्यालयाशी जोडू नये. लिनक्स नीट चालू लागल्यावर त्याच असुरक्षित विंडोजवरून व्हीपीएन जोडत राहिले, तर बदल करण्याचा हेतूच फसतो.

नेहमीच्या अडचणी

जोडणी झाली, पण कार्यालयाची संकेतस्थळे उघडत नाहीत : बहुधा नावांचा पत्त्यांशी मेळ घालणारी डीएनएस व्यवस्था घरच्या सेवेकडेच विचारणा करीत असते. अंतर्गत सर्व्हरचा आकडी पत्ता टाकल्यावर तो उघडला, तर निदान निश्चित झाले. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये कार्यालयाचा डीएनएस पत्ता व अंतर्गत डोमेन भरावे.

कार्यालय उघडते, पण बाकीचे इंटरनेट बंद पडते : सारी वाहतूक बोगद्यातून जात आहे. 'या जोडणीचा वापर केवळ तिच्या जाळ्यातील साधनांसाठी' अशा अर्थाचा पर्याय सेटिंगमध्ये असतो. तो निवडण्यापूर्वी कार्यालयाचे धोरण पाहावे.

छोटे काम होते, मोठी फाइल अडकते : माहितीच्या पाकिटाचा आकार बोगद्यात मावत नाही. एमटीयूची मर्यादा थोडी कमी केल्यास, उदाहरणार्थ १५०० ऐवजी १४०० किंवा १३०० केल्यास, फरक पडतो.

मोबाइल हॉटस्पॉटवर जोडणी होत नाही : ओपनव्हीपीएन बहुधा यूडीपी ११९४ या, वायरगार्ड ५१८२० या, तर आयपीसेक ५०० व ४५०० या पोर्टवरून चालते. काही जाळ्यांवर यूडीपीची वाहतूक अडखळते. अशा वेळी कार्यालयाने टीसीपी ४४३ हा पर्याय ठेवला असल्यास तो निवडावा. संकेतस्थळांची सुरक्षित वाहतूक याच मार्गाने होत असल्याने तो सहसा खुला असतो.

घड्याळ साडेपाच तास चुकते : दोन प्रणाली एकाच संगणकावर ठेवणाऱ्यांना भारतात हमखास येणारा हा अनुभव. विंडोज संगणकाच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. दोन्हींतील फरक नेमका साडेपाच तासांचा. वेळ चुकली की प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि कार्यालयाची ओळख-पडताळणी फसते. परवलीचा शब्द बरोबर असूनही प्रवेश नाकारला गेला, तर सर्वप्रथम घड्याळाकडे पाहावे.

वीज गेल्यावर जोडणी तुटते : संगणक बॅटरीवर सुरू राहतो, परंतु राउटर बंद पडतो. हॉटस्पॉटवर जाताच पत्ता बदलतो आणि अनेक व्हीपीएन तुटतात. वायरगार्ड असा बदल सहज पचवते. राउटरसाठी छोटा यूपीएस घेणे हा साधा उपायही विसरू नये.

व्हीपीएनपलीकडचे काम

बोगदा उभा राहिला, तरी पलीकडे काय आहे, याचाही विचार हवा. कार्यालयातील विंडोज संगणक दुरून चालविण्यासाठी रेमिना ही आज्ञावली लिनक्सवर उत्तम काम करते. सामायिक फोल्डर फाइल व्यवस्थापकातून उघडता येतात. ई-मेलसाठी थंडरबर्ड आहे. मायक्रोसॉफ्टने टीम्सची लिनक्स आज्ञावली डिसेंबर २०२२ मध्ये बंद केली; तेव्हापासून ती ब्राउझरमधूनच वापरावी लागते. झूमची लिनक्स आवृत्ती आहे.

टॅली मात्र विंडोजसाठी आहे. शिरोली व गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांचे हिशेब घरून पाहणाऱ्या लेखापालांनी हे ध्यानी घ्यावे. त्यांच्यासाठी व्हीपीएन जोडून कार्यालयातील संगणकावरच टॅली चालविणे, हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग होय. त्यात हिशेबाची फाइलही कार्यालयाबाहेर येत नाही.

मराठीची अडचण आता राहिलेली नाही. इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये अंगभूत असतो आणि लोहित देवनागरीसारखे युनिकोड फॉन्ट सहज मिळतात. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले जुने दस्तऐवज मात्र आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत. लिनक्स म्हणजे केवळ हौशी मंडळींचा खेळ, ही समजूतही जुनी झाली. चेन्नईच्या सी-डॅकने 'बॉस' हे भारतीय भाषांना अनुकूल लिनक्स २००७ मध्ये आणले, केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावल्यांना प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले आणि २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबंटूवर आधारित 'माया' ही प्रणाली आपल्या संगणकांवर बसविण्यास प्रारंभ केला.

कायदा काय म्हणतो?

घरून काम करण्याला कायद्याची पूर्ण मोकळीक मिळाली, ती अलीकडे. कॉल सेंटर व तत्सम सेवा देणाऱ्या कंपन्यांना पूर्वी दूरसंचार विभागाच्या अटी लागू असत. कर्मचाऱ्याला घरून काम द्यायचे, तर सुरक्षा ठेव आणि सेवापुरवठादारानेच उभारलेले व्हीपीएन अशी बंधने होती. मार्च २०२० मध्ये ती तात्पुरती शिथिल झाली. ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणीची अटच काढून टाकली आणि जून २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले.

२८ एप्रिल २०२२ रोजी 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातील सर्व्हर हलविले आणि 'व्हीपीएनवर बंदी आली' असा गैरसमज पसरला. कंपन्यांचे स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठीचे व्हीपीएन या तरतुदीत येत नाही, असा खुलासा त्याच वर्षी मे महिन्यात करण्यात आला. सायबर सुरक्षेला बाधा आणणाऱ्या घटनेची माहिती सहा तासांत कळविण्याचे बंधन मात्र कंपन्यांनाही आहे. त्यामुळे लॅपटॉप हरवला किंवा कोणी घुसल्याचा संशय आला, तर कर्मचाऱ्याने सोमवारची वाट न पाहता तत्काळ कार्यालयाला कळविले पाहिजे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने जबाबदारी आणखी वाढविली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. कर्मचाऱ्याच्या घरातील संगणकाकडे कंपनी एवढ्या साशंकतेने का पाहते, हे यावरून उमगावे.

कार्यालयाने नकार दिला तर?

सर्व प्रयत्नांनंतरही कार्यालय लिनक्सला नकार देऊ शकते. तो निर्णय मान्य करूनही काही वाटा उरतात. ब्राउझरमधून किंवा सिट्रिक्ससारख्या आज्ञावलीतून दूरस्थ डेस्कटॉप मिळत असेल, तर ते लिनक्सवर चालते आणि कंपनीची माहितीही कंपनीतच राहते. कंपनीकडे कार्यालयीन लॅपटॉपची मागणी करता येते. अनेकदा सुरक्षेच्या दृष्टीने कंपनीलाही तेच सोयीचे असते. लिनक्समध्येच आभासी संगणक उभारून त्यात परवानाधारक विंडोज ११ चालविण्याचा मार्गही आहे. मात्र त्यासाठी पुरेशी स्मृती असलेला बऱ्यापैकी संगणक लागतो आणि कार्यालयाची संमती येथेही घ्यावीच लागते. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर कामासाठी वेगळा संगणक आणि घरासाठी लिनक्स, अशी विभागणी करावी.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि पुण्याकडील वाहतूक काही दिवस ठप्प झाली. अशा प्रसंगी घरातून कार्यालयापर्यंत पोहोचण्याचा सुरक्षित मार्ग हाताशी असणे किती मोलाचे, हे कोल्हापूरकरांना निराळे सांगायला नको. जुना लॅपटॉप टाकून न देता लिनक्सवर आणणे शक्य आहे आणि बहुसंख्य व्हीपीएन त्यावर चालतातही. फक्त क्रम चुकू नये. आधी कार्यालयाची लेखी परवानगी, मग पेन ड्राइव्हवरील चाचणी आणि त्यानंतरच विंडोजला निरोप.